तान्ह्या मुलाचा खुबा आणि शिकाऊ हात

श्रोतेहो, वैद्यकाच्या इतिहासात शोध लावणाऱ्यांची नावे ठळकपणे नोंदविली जातात. तो शोध पुढे नवख्या हातांना कसा शिकविला गेला, ही हकीकत मात्र बहुधा दोन ओळींत आटोपते. शिक्षकाच्या पेशातल्या माणसाला ही दुसरी हकीकतच अधिक ओढ लावते. आज तशीच एक सांगावयाची आहे. ती ऑस्ट्रिया देशातील आहे.

मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील उखळीत बसतो, तो खुब्याचा सांधा. काही मुलांची ही उखळी जन्मतःच उथळ असते आणि माथा तीतून निसटतो. मुलाला त्याची वेदना नसते, म्हणून ते रडत नाही. ते चालू लागते तेव्हा लंगडते, आणि मग आईबाप धावपळ करतात. तोवर वर्ष-दीड वर्ष निघून गेलेले असते.

व्हिएन्नाचे डॉक्टर आडोल्फ लोरेन्ट्स यांचे हात कार्बॉलिक ॲसिडाने सोलवटत, म्हणून त्यांना सुरी सोडावी लागली. ते अशा मुलांचे खुबे नुसत्या हातांनी बसवू लागले. त्यांची कीर्ती एवढी पसरली की, 1902 साली शिकागोच्या एका कोट्यधीशाने आपल्या मुलीसाठी त्यांना अमेरिकेत बोलाविले. पण खुबा बसविल्यावर पाय बेडकासारखे फाकवून प्लास्टरात ठेवीत, आणि त्या ताणाने कित्येक मुलांच्या हाडाच्या माथ्याचा रक्तपुरवठा बिघडे. उपाय जबरीचा झाला, कारण निदान उशिरा होत होते.

इटलीतील मारिनो ओर्तोलानी यांनी 1937 साली तान्ह्या मुलाची मांडी हळूच फाकवून निसटलेला माथा आत जाताना बोटांना जाणवतो, ती खूण वर्णिली. परंतु उथळ असूनही न निसटणारा खुबा बोटांना कळत नाही. क्ष-किरणांचीही येथे अडचणच. नवजात मुलाचा तो माथा हाडाचा नसून कूर्चेचा असतो. त्यात हाडाचा दाणा धरतो तो साधारण चार ते सहा महिन्यांनी, आणि तोवर क्ष-किरणांच्या चित्रात त्या जागी पोकळीच दिसते.

श्राव्यातीत ध्वनी मात्र कूर्चेतून पार जातो व हाडावरून परततो. श्टोल्त्सआल्पे या डोंगरी गावच्या रुग्णालयातील अस्थितज्ज्ञ राइनहार्ड ग्राफ यांनी याच गुणाचा उपयोग करून 1980 साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. उखळीच्या छताचा कोन पडद्यावर मोजावयाचा. तो 60 अंश किंवा अधिक भरला, तर खुबा सुदृढ.

येथून खरी शिकवणी सुरू होते. सोनोग्राफीची मूठ, जिला डॉक्टर प्रोब म्हणतात, ती किंचित कलली तरी चित्र बदलते. चांगला खुबा आजारी दिसतो, आणि आजारी खुबा चांगला. आमच्या भूमितीच्या तासालाही हेच घडते. कोनमापक अचूक लावलेले असते, पण मुळात आकृतीच वाकडी! ग्राफ यांनी म्हणून मोजण्यावर आधी बंधन घातले. शिकणाऱ्याने प्रथम चित्रातील एकेक भाग ओळखून दाखवावा: कूर्चा कोठे संपते, हाड कोठे सुरू होते, सांध्याचे आवरण कोणते. त्यानंतर उखळीच्या तळाशी असलेले हाडाचे टोक, छताचा मधला छेद आणि काठावरची ओठासारखी कडा, ही तिन्ही एकाच चित्रात आहेत काय ते पाहावे. एक जरी नसेल, तर ते चित्र टाकून द्यावे. त्यावर कोन मोजू नये. मुलाला कुशीवर निजविण्यासाठी खास पाळणा केला, आणि प्रोब कलू नये म्हणून तिला आधाराची चौकट दिली. जर्मन भाषिक प्रदेशात हे शिक्षण प्राथमिक, पुढील व अंतिम अशा तीन पायऱ्यांनी देण्याची पद्धत पडली. एवढी कडक शिस्त कोणास जाचक वाटेल. मला ती दयाळू वाटते, कारण नवशिक्याच्या चुकीचा भुर्दंड येथे एका मुलाने जन्मभर लंगडून भरावयाचा असतो.

ऑस्ट्रियाने 1992 पासून प्रत्येक नवजात मुलाची ही तपासणी सरकारी आरोग्य योजनेत आणली. एक पहिल्या आठवड्यात, दुसरी सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास. जर्मनीने 1996 साली तसेच केले. ऑस्ट्रियात खुब्यावरील मोठ्या शस्त्रक्रिया त्यानंतर बऱ्याच घटल्या.

आपल्याकडे मूल कडेवर घेतात, तेव्हा त्याच्या मांड्या आपोआप फाकतात, आणि खुब्याला ती बैठक मानवते. याउलट दोन्ही पाय ताठ जुळवून घट्ट गुंडाळणे त्याला बाधते. ज्या घरी मूल पायाळू जन्मले असेल, किंवा आईबाप-भावंडांपैकी कोणास हा विकार झाला असेल, त्यांनी डॉक्टरांना ते आपण होऊन सांगावे आणि खुबा पहिल्या सहा आठवड्यांतच तपासून घ्यावा. मुलींत हा विकार मुलांपेक्षा पुष्कळ अधिक आढळतो.