'गारवा' आणि आमच्या बागा

परवा जूनचा पहिला पाऊस आला आणि नातवानं मोबाईलवर 'गारवा' लावलं. वर म्हणतो, "आजोबा, तुमच्या काळातलं गाणं!" माझ्या काळातलं कसलं? 'गारवा' आलं 1998 साली. तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांचा मास्तर होतो आणि गाणी ही आपल्यासाठी संपलेली गोष्ट आहे असं समजत होतो.

भावगीत आमच्या पिढीनं रेडिओवर ऐकलं. गजानन वाटवे, बाबूजी, खळे, अरुण दाते. कवीचं नाव तेवढं निवेदिका सांगायची, कवीचा आवाज काही यायचा नाही. विंदा, बापट, पाडगावकर गावोगाव फिरून कविता म्हणायचे, पण तिथं गाणं नसे. कविता एकीकडे, गाणं दुसरीकडे.

पुढे ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या आणि सिनेमाशिवायही गाणी घरोघर पोचू लागली. 1995 मध्ये अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया'नं हिंदीत धुमाकूळ घातला. मराठीत असं काही होईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

मग मिलिंद इंगळे आणि सौमित्र या दोघांनी फक्त पावसावर एक अल्बम केला. इंगळ्यांनी चाली दिल्या आणि स्वतःच गायल्या. सौमित्र म्हणजे किशोर कदम, सत्यदेव दुब्यांच्या तालमीत तयार झालेला नट. त्यानं कविता लिहिल्या आणि आपल्याच आवाजात म्हटल्याही. आधी तो साधं बोलल्यासारखं बोलतो, आणि बोलता बोलता गाणं सुरू होतं. माझ्या मते सगळी जादू त्या बोलण्यात आहे. भावगीताची ती ठेवणीतली भाषा नाही, शेजारच्या खोलीतला मुलगा बोलावा तसं. (चाली मात्र एकसारख्या वाटतात, हे माझं तेव्हाचं मत आजही कायम आहे. असो.)

पोरांनी ते डोक्यावर घेतलं. गॅदरिंगला तेच, एसटीत तेच. एका पठ्ठ्यानं 'पावसाळ्यातील एक दिवस' या निबंधात सौमित्रच्या ओळी जशाच्या तशा उतरवल्या. मी मार्क कापले नि घरी जाताना कॅसेट विकत घेतली.

पण मुद्दा वेगळाच आहे. आमचं तासगाव द्राक्षांचं. आमच्या पूर्वेकडच्या शिवारात जूनच्या पावसाची वाट बघतात, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर त्याच पावसाला हात जोडतात, की बाबा आता येऊ नकोस. फुलोऱ्यात पाऊस आला की दावण्या पडतो, घड कुजतात. मणी भरल्यावर आला तर मणी तडकतात. बेदाणा शेडवर असताना आला तर रंगच जातो.

नोव्हेंबर 2009 मध्ये फयान वादळ आलं. धाकट्या भावाची दोन एकर बाग फुलोऱ्यात होती. मी नुकताच रिटायर झालेलो, संध्याकाळी खिडकीशी बसून 'गारवा' ऐकत होतो. खरंच सांगतो, बागेचा विचार डोक्यात नव्हता. तो भिजत आत आला, बूट चिखलानं भरलेले.

"दादा, बंद कर ते आधी. तुला पगार मिळाला, आता पेन्शन मिळंल. आमचं काय?"

मी बंद केलं. त्या रात्री तो जेवला नाही. पहाटे दोघं मिळून बोर्डोची फवारणी केली, पण उपयोग झाला नाही. सोसायटीचं कर्ज फिटायला पुढची चार वर्षं गेली. घरात ती कॅसेट पुन्हा कुणी लावली नाही. टेपरेकॉर्डरही भंगारात गेला.

सौमित्रवर माझा राग नाही. त्याचा पाऊस मुंबईतल्या खिडकीचा, तो खरा आहेच. पण शाळेत तीस वर्षं पावसाच्या कविता शिकवताना बागाईतदाराचा नोव्हेंबर मी एकदाही वर्गात आणला नाही, आणि समोर बसलेली निम्मी पोरं बागाईतदारांचीच होती.

परवा नातवानं गाणं लावलं तेव्हा भाऊ ओसरीवरच बसला होता. मी नातवाला खूण केली, बंद कर म्हणून. भाऊ म्हणाला, "राहू दे की. जूनचा पाऊस हाय, वाजू दे." शेवटपर्यंत ऐकलं त्यानं. मग विचारलं,

"ह्यो बोलणारा म्हणजे 'फँड्री'तला जब्याचा बाप न्हवं?"

मी म्हटलं, होय, तोच.

"मग चांगला बोलतोय," म्हणाला, आणि मोटार चालू करायला गेला.