जंतू, विषाणू आणि विरजण

वराहज्वराचा इतिहास हा काही अंशी नामकरणाचा इतिहास आहे. 1885 साली अमेरिकेत सॅमन व थिओबाल्ड स्मिथ यांनी रोगी डुकरांत एक जीवाणू शोधून काढला व तोच या रोगाचे कारण होय, असे प्रतिपादिले. पुढे 1903 साली द श्वाइनिट्झ व डॉर्सेट यांनी, जीवाणू अडविणाऱ्या गाळणीतून गाळलेला द्रवही रोग उत्पन्न करतो, हे दाखविले. खरे कारण विषाणू होते. जीवाणू केवळ मागाहून शिरलेला. तथापि ‘साल्मोनेला कॉलरीसुइस’ या त्याच्या नावात सॅमनचे नाव आणि डुकराची पटकी ही दोन्ही अद्याप नांदत आहेत.

आपल्याकडेही तसेच घडले. 1889 साली पुण्यात निघालेली सरकारी प्रयोगशाळा नावाने जीवाणुशास्त्राची. पण तिचा मुख्य शत्रू जो बुळकांडी, तो विषाणुजन्य. ती पुढे मुक्तेश्वरला गेली. इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था हे तिचेच आजचे रूप.

मराठी बोलीत हा भेद अजून रुजलेला नाही. राहुरीला कृषि विद्यापीठ असलेल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातही सर्वसामान्य शब्द एकच: जंतू. त्याचाच भाऊ ‘जंत’ पोटातील कृमींना लागतो. परिणाम केवळ शाब्दिक नाही. जंतू म्हटले की मारावयाचे, म्हणून विषाणुरोगावरही प्रतिजैविक दिले जाते. विषाणू मरत नाही, आतड्यातील उपकारक जीवाणू मात्र मरतात. याच जीवाणूंवर आता संशोधकांची भिस्त आहे. दूध तुटलेल्या पिलांना लॅक्टोबॅसिलस वर्गातील जीवाणू चारले असता ते आतड्याच्या अस्तरावर ठाण मांडतात, आम्लता वाढवितात व प्रतिकारशक्तीला चेतवितात; रोटाविषाणूच्या हगवणीत त्यांचा काही उपयोग प्रयोगांत दिसला आहे. वाणागणिक फळ मात्र वेगळे.

‘उपकारक जंतू’ हा प्रयोग मराठी कानाला वदतोव्याघात वाटतो. वस्तुतः मेचनिकॉफने 1907 च्या सुमारास आंबट दुधातील जीवाणूंचा पुरस्कार केला, त्यापूर्वी कितीतरी आधी आपल्या घरात त्यांना नाव होते: विरजण. (त्याच शब्दाला वाक्प्रचारात आनंद नासविण्याचे काम द्यावे, हा भाषेचा खोडकरपणा!) पशुसंवर्धनाच्या पत्रकांत ‘प्रोबायोटिक’ऐवजी ‘आतड्याचे विरजण’ म्हणावे, असे मला वाटते. मात्र तेथे मर्यादाही लिहिली पाहिजे. वराहज्वर रक्तातून सर्व शरीरात पसरतो. त्याला लसच हवी. आणि 2020 साली आसामात प्रथम आढळलेल्या आफ्रिकी वराहज्वरापुढे कोणतेही विरजण पुरेसे नाही. तेथे बाधित कळपातील डुकरे नष्ट करणे, डुकरांच्या ने-आणीवर निर्बंध घालणे व गोठ्याची कडक स्वच्छता हीच वाट.