वाफेचं शहर आणि पोटातली माणसं

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, कुमारवयीन मुलांच्या कादंबऱ्यांत वर्गसंघर्ष कुठून आला? तो आहे, आणि चांगला ठळक आहे. प्रश्न एवढाच, की तिथे तो लढतं कोण?

आधी शब्दाचं बघू. 'स्टीमपंक' हा शब्द के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकानं १९८७ साली 'लोकस' मासिकाला लिहिलेल्या पत्रात थोड्या थट्टेनं वापरला. म्हणजे काय, तर वाफ आणि दातेरी चाकं यांच्याच जोरावर जग पुढे गेलं असतं तर कसं दिसलं असतं, याच्या कल्पनाकथा. बहुतेकींवर व्हिक्टोरिया राणीच्या काळाची छाया असते. आता वाफेबरोबर गिरणी आली आणि गिरणीबरोबर कामगार. तेव्हा भट्टीत कोळसा कोण टाकतं, हे विचारावंच लागतं.

फिलिप रीव्ह यांची 'मॉर्टल इंजिन्स' ही कादंबरी २००१ची. तिच्यात अख्खं लंडन चाकांवर फिरतं. थरावर थर रचलेले. माथ्यावर सेंट पॉल कॅथेड्रल, तळाशी इंजिनं आणि शहराचं 'पोट'. मोठं शहर लहान गावाचा पाठलाग करून त्याला गिळतं आणि पोटात त्याची मोडतोड करतं. या व्यवस्थेला ते लोक 'म्युनिसिपल डार्विनिझम' म्हणतात. आपल्याकडे यालाच मत्स्यन्याय म्हणत. पण फरक बघा. आपल्या राजनीतिशास्त्रात मत्स्यन्याय म्हणजे अराजक. ते होऊ नये म्हणून राजा हवा. इथे राज्यच तो न्याय मिरवतं! सत्ताधारी आपल्या सोयीला निसर्गनियम म्हणतात, आणि एकदा निसर्गनियम म्हटलं की जाब कुणाला विचारणार? रीव्ह हे मुलांना न कंटाळवता दाखवतात, ही त्यांची मोठी कमाई.

मात्र पुढे काय होतं? पोटातले हाल आपल्याला दिसतात ते कॅथरीन या वरच्या थरावरच्या मुलीच्या डोळ्यांनी. ती खाली उतरते, हादरते. शेवटी शहरात बंड होतं तेही इतिहासकारांच्या संघाचं, अभियंत्यांच्या संघाविरुद्ध. इतिहासप्रेमी म्हणून मला हे वाचून गुदगुल्या झाल्या, हे कबूल! पण पोटातल्या कामगारांनी एकत्र येऊन काही ठरवलं, असं घडत नाही. स्फोट होतो आणि शहरच संपतं.

इतिहासात असं झालं नाही. १८११ साली नॉटिंगहॅमशायरमध्ये मोजे विणणाऱ्या कारागिरांनी माग फोडायला सुरुवात केली. ते लडाइट. आज हा शब्द यंत्राला घाबरणाऱ्या अडाण्यासाठी वापरतात. तो अन्याय आहे. मजुरी कापणाऱ्या, हलका माल काढणाऱ्या मालकांचे माग ते निवडून फोडत. इतरांचे सोडून देत. ही मालकाशी घासाघीस करण्याची रीत होती, असं एरिक हॉब्सबॉम यांनी १९५२ साली दाखवून दिलं. सरकारनं १८१२ मध्ये माग फोडण्याला फाशीची शिक्षा लावली. कवी बायरन यांनी लॉर्ड्सच्या सभागृहात तिला विरोध केला. जानेवारी १८१३ मध्ये या चळवळीतल्या १७ जणांना यॉर्कला फासावर चढवलं. त्यांचं भांडण यंत्राशी नव्हतंच. यंत्र कुणाच्या हुकमावर चालणार, याच्याशी होतं.

लँकेशायरची तीच यंत्रं मुंबईच्या गिरण्यांतही आली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली भरवलेल्या सभेला सुमारे १०,००० कामगार जमले होते आणि दोन कामगार स्त्रिया तिथे बोलल्या. त्याच जूनमध्ये मालकांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. यंत्र तेच, गिरणी तीच, पण आठवड्यातला एक दिवस माणसांना परत मिळाला.

स्फोट झाला की गोष्ट संपते, हे खरं. कादंबरीला शेवट लागतोच. सभा, वर्गणी, सह्या, वाटाघाटी यांचं चित्तथरारक वर्णन करणं अवघड. पण ते लिहिलं जात नाही, म्हणून अन्यायावर दोनच उपाय मुलांच्या मनात उरतात: एखादा शूर नायक, नाहीतर सर्वनाश. ही उणीव मला गंभीर वाटते.

म्हणून नातवंडांच्या हातातली ही पुस्तकं काढून घेऊ नका. उलट तुम्हीही वाचा. मग एवढंच विचारा: पोटातली माणसं एकमेकांशी काय बोलत असतील रे? त्यावर त्यांना स्वतःहून काही सुचलं, तर पुढची कादंबरी तेच लिहितील.