हर्नहूटचा कागदी तारा

नाताळच्या या ताऱ्यामागे भक्तीआधी भूमिती आहे. जर्मनीत हर्नहूट येथे १७२२ मध्ये वसलेल्या मोरेव्हियन पंथाचे मिशनरी दूरदेशी जात. मुले मागे वसतिशाळांत राहत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नीस्कीच्या अशाच शाळेत, भूमितीच्या अभ्यासातून, हा तारा घडल्याचे मानले जाते. १७ चौकोनी व ८ त्रिकोणी बुडांची निमुळती टोके. सव्विसावी बाजू दिव्यासाठी मोकळी. (आपल्या आकाशकंदिलाहून बांधणी अवघडच!) आईवडिलांवाचून वाढणाऱ्या मुलांच्या या हातकामाला निव्वळ सजावट म्हणणे मला अपुरे वाटते. १८८० च्या सुमारास माजी विद्यार्थी पीटर व्हेर्बेक यांनी आपल्या पुस्तकांच्या दुकानात तारे आणि ते करण्याच्या सूचना विक्रीस ठेवल्या. पुढे पुत्र हॅरी यांनी कारखाना काढला. तरी कागदी तारा आजही सुट्या टोकांच्या रूपातच घरी येतो.