सायक्लिनची कुळकथा

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्यावर वुड्स होल नावाचं गाव आहे. १९८२च्या उन्हाळ्यात तिथल्या सागरी प्रयोगशाळेत टिम हंट सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याची अंडी तपासत होते. फलन झालं की ही अंडी जवळजवळ एकाच वेळी विभागतात. त्यांत कोणती नवी प्रथिनं तयार होतात, एवढंच त्यांना पाहायचं होतं. पाण्यात प्रथिनांचा एक घटक असलेलं मेथिओनिन किरणोत्सारी रूपात घालायचं, थोड्याथोड्या वेळाने नमुना काढायचा, जेलवर प्रथिनं वेगळी करायची आणि फिल्मवर उमटलेले पट्टे पाहायचे.

बाकी सगळे पट्टे वेळेबरोबर गडद होत गेले. एकच पट्टा आधी गडद झाला, अंडं दुभंगायच्या सुमारास फिकट पडला आणि पुढच्या विभाजनाआधी पुन्हा भरला. हंट यांनी त्या पट्ट्यातल्या प्रथिनाला सायक्लिन म्हटलं. असा फिकट पट्टा प्रयोगातली चूक समजून सोडून देणं सोपं होतं. त्यांनी तो सोडला नाही, आणि मला त्यांचं खरं कर्तृत्व इथेच दिसतं.

पेशीला विभाजनाकडे ढकलणारा एक घटक योशिओ मासुई यांना १९७१मध्येच बेडकाच्या अंड्यांत सापडला होता. तो १९८८मध्ये शुद्ध झाला. त्यात दोन भाग निघाले: पॉल नर्स यांनी यीस्टमध्ये शोधलेलं एक एन्झाइम आणि सायक्लिन. एन्झाइम पेशीत कायम असतं, पण सायक्लिन जोडल्याशिवाय कामाला लागत नाही.

मग ते थांबवायचं कसं? १९८९मध्ये अँड्र्यू मरे आणि मार्क किर्शनर यांनी सायक्लिनचा सुरुवातीचा तुकडा छाटून टाकला. हे छाटलेलं सायक्लिन नष्ट होईना आणि विभाजन अर्ध्यातच अडकलं. म्हणजे सायक्लिन तयार होणं जितकं गरजेचं, तितकंच त्याचं वेळेवर मोडणंही. १९९१मध्ये मोडण्याची रीतही कळली. युबिक्विटिन नावाचं छोटं प्रथिन सायक्लिनला साखळीने चिकटतं आणि ती खूण पाहून प्रोटिअसोम हे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र त्याचे तुकडे करतं.

युबिक्विटिनची ही खूण लावणारा मोठा प्रथिनसमूह १९९५मध्ये हाती आला. तो सायक्लिनबरोबर सिक्युरिन या प्रथिनालाही खूण लावतो. सिक्युरिन गेलं की गुणसूत्रांच्या जोड्या सुटतात, सायक्लिन गेलं की पेशी विभाजनातून बाहेर पडते. एखादं गुणसूत्र, गुणसूत्रांना ओढून वेगळं करणाऱ्या तर्कूच्या धाग्यांना नीट जोडलेलं नसेल, तर त्या एकट्यासाठी पेशी हा सगळा समूह रोखून धरते.