फार्मव्हिलचं शेत कुणाच्या सातबाऱ्यावर होतं?

फार्मव्हिल आठवतंय का मंडळी? जून २००९ मध्ये आलं आणि वर्षभरात महिन्याला ८ कोटींवर लोक ते शेत कसू लागले. साहेबांची पाठ वळली की ऑफिसात पेरण्या सुरू!

खेळ झिंगा कंपनीचा, पण मित्रांची यादी, निरोप, ओळखपाळख सगळं फेसबुकचं. फेसबुकने मे २००७ मध्ये आपलं अंगण बाहेरच्या अ‍ॅपना मोकळं केलं होतं. झिंगाने तिथे दुकान थाटलं. स्वतः काही बांधायला नको, गिऱ्हाईक आयतं.

मग मालकाने नियम बदलले. २०१० मध्ये खेळांच्या सूचनांना चाप लावला. २०११ मध्ये खेळातल्या खरेदीवर ३० टक्के कपात सक्तीची केली. त्याच डिसेंबरात १० डॉलरला विकलेला झिंगाचा शेअर पुढच्या वर्षी ३ डॉलरच्या खाली आला. घसरणीला इतरही कारणं होती, पण जवळपास सगळी कमाई एकाच दारातून येत होती, हे मोठं दुखणं. 'कसेल त्याची जमीन' हा कायदा आपल्याकडे आला. इंटरनेटवर अजून यायचाय.

झिंगा एकटी नव्हती. जुलै २०१२ मध्ये ट्विटरने इन्स्टाग्रामला मित्र शोधायची वाट बंद केली. जानेवारी २०१३ मध्ये ट्विटरचं व्हाइन आलं, तर फेसबुकने पहिल्याच दिवशी त्याची तीच वाट तोडली. २०१५ मध्ये ट्विटरने मीरकॅटचं तेच केलं, कारण तसंच पेरिस्कोप त्यांनी स्वतः विकत घेतलं होतं.

यात आपलं काय गेलं? मे आणि जुलै २०२० मध्ये फेसबुकच्या कोडमध्ये बिघाड झाला आणि आयफोनवर स्पॉटिफाय, टिंडरसारखी अ‍ॅप उघडताच बंद पडू लागली. ती गाणी ऐकणाऱ्याचा फेसबुकशी काय संबंध? पण त्यांचा कोड अ‍ॅपच्या पोटात बसलेला होता. केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण तर आणखी वाईट. फेसबुकनेच दिलेल्या आकड्यांनुसार भारतात ते अ‍ॅप घेतलं फक्त ३३५ जणांनी, आणि माहिती गेली असण्याची शक्यता ५ लाख ६२ हजार लोकांची! मित्राने दार उघडलं, घर आपलं लुटलं गेलं.

म्हणून सगळं घरीच बांधावं का? तेही सोपं नाही. अ‍ॅपलसारख्या गडगंज कंपनीने २०१० मध्ये आयट्यून्समध्ये पिंग नावाचा स्वतःचा कट्टा काढला. लोक तिथे रमलेच नाहीत. २०१२ मध्ये कुलूप लागलं. चौथरा बांधता येतो, माणसं बांधून आणता येत नाहीत. शिवाय घरचा कट्टा म्हणजे शिवीगाळ, अफवा, खोटी खाती निस्तरणंही आपल्याच गळ्यात.

तेव्हा माणसं आणायला बाहेरचा रस्ता जरूर वापरावा, पण आलेल्या माणसाची नोंद आपल्या वहीत हवी. तालुक्याचं बातम्यांचं पोर्टल असो, पतसंस्थेचं अ‍ॅप असो की शाळेचं, ते बनवून देणाऱ्याला पैसे देण्याआधी दोन प्रश्न विचारा. उद्या फेसबुकने किंवा गुगलने दार लावलं, तर आपली माणसं आपल्याला सापडतील का? आणि आपल्या माणसांची कोणती माहिती त्या दारातून बाहेर जातेय?

उत्तर देताना तो अडखळला, तर समजा सातबारा दुसऱ्याच्या नावावर आहे.