सिझेरियन आणि आईचा हिशेब

‘सिझेरियन’ हा शब्द आता खेड्यापाड्यांतही सर्वांना समजतो. हा शब्द आला कुठून, असे वर्गात विचारले तर एखादा चुणचुणीत विद्यार्थी हमखास सांगतो, की ज्युलिअस सीझर असा जन्मला म्हणून. ही कथा सोडून दिलेली बरी. सीझरची आई ऑरेलिया तो चांगला प्रौढ होईपर्यंत हयात होती, आणि त्या काळी पोट फाडलेली बाई जगण्याची शक्यता जवळजवळ नव्हतीच. रोमन कायद्याने सांगितले होते ते एवढेच, की गरोदर स्त्री मेली तर मूल बाहेर काढल्याशिवाय तिचे दफन करू नये. सुश्रुतसंहितेतही माता मरण पावली आणि पोटात हालचाल दिसली, तर उदर छेदून मूल काढावे असे सांगितले आहे. दोन्ही ठिकाणी हिशेब एकाच जिवाचा होता, मुलाचा. आईचा हिशेब मांडायला विज्ञानाला फार उशीर लागला. तो कसा मांडला गेला, हे या लेखात पाहू.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भूल देण्याचे तंत्र आले होते, तरी सिझेरियननंतर बहुतेक बायका मरतच होत्या. काही रक्तस्रावाने जात, उरलेल्या जंतुसंसर्गाने. गर्भाशय आपोआप आकुंचन पावून जखम मिटवते, त्याला टाके घालू नयेत, असे त्या वेळी मानले जाई. १८७६ साली इटलीतील पाव्हिया येथे एदुआर्दो पोरो या डॉक्टरने जूलिया काव्हालिनी या स्त्रीचे मूल काढल्यावर गर्भाशयच कापून टाकले. आई जगली. उपाय जबर होता, पण निदान एक वाट दिसली. १८८२ मध्ये जर्मनीतील माक्स सेंगर यांनी गर्भाशय काढण्याऐवजी ते नीट शिवून टाकण्याची पद्धत मांडली. गर्भाशयाला टाके घालायचे, एवढीच ती गोष्ट! आज ती सांगताना आपल्याला नवल वाटत नाही.

याच सुमारास, १८८६ च्या मार्चमध्ये, पुण्याच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथून डॉक्टर झाल्या. प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्याच फिलाडेल्फियात रॉबर्ट हॅरिस नावाचे एक डॉक्टर अमेरिकेत झालेल्या सिझेरियनच्या हकिगती चिकाटीने गोळा करीत होते. त्यांनी एक विचित्र वर्गही वेगळा काढला. गुरांनी शिंग मारल्यामुळे पोट आणि गर्भाशय फाटलेल्या गरोदर बायकांचा! १८८७ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. शिंगाने फाटलेल्या बायका जगण्याचे प्रमाण मोठ्या शहरांतील शल्यचिकित्सकांच्या हाताखालच्या बायकांपेक्षा चांगले दिसत होते.

हे कसे? हॅरिस यांचे उत्तर असे, की शल्यचिकित्सक शेवटचा उपाय म्हणून दोन-तीन दिवसांनी सुरी हाती घेत. तोवर बाई कळांनी थकून गेलेली असे, अनेक हात आणि हत्यारे आत जाऊन संसर्गही झालेला असे. शिंग लागलेली बाई मात्र त्या क्षणापर्यंत धडधाकट असे. म्हणजे मारक गोष्ट निव्वळ सुरी नव्हती, उशीरही होता. वेळेवर निर्णय घ्या, हा हॅरिस यांचा आग्रह पुढे योग्य ठरला.

पण विज्ञानाच्या शिक्षकाने इथे थोडे थांबावे. शिंग लागून मेलेल्या किती बायकांची हकीकत कोणी लिहून ठेवली असेल? जगली तर ती बातमी होते, मेली तर गावाबाहेर कळतही नाही. सापडलेली उदाहरणे मोजणे आणि सगळी उदाहरणे मोजणे यांत मोठे अंतर आहे. हॅरिस यांचा निष्कर्ष बरोबर निघाला, तरी त्यांची मोजणी कच्ची होती.

पुढची पायरी आपल्याकडे, मुंबईत दिसते. डॉ. जेरुशा झिराड या बेने इस्राएल समाजातल्या. पुण्यातील मुलींच्या शाळेत त्या शिकल्या, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या आणि लंडनहून प्रसूतिशास्त्रातली एम. डी. घेऊन आल्या. १९२८ ते १९४७ या काळात कामा हॉस्पिटलची सूत्रे त्यांच्याकडे होती. मुंबई शहरातील मातामृत्यूंच्या कारणांचा तपास त्यांनी केला व त्याचा अहवाल १९४१ साली प्रसिद्ध झाला. निवडक हकिगती घ्यायच्या नाहीत, तर एका शहरात बाळंतपणात ज्या बायका गेल्या त्या कशाने गेल्या हे विचारायचे, अशी ही दृष्टी होती. पुढे १९५० मध्ये देशातील स्त्रीरोगतज्ज्ञ संघटनांचा महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या पहिल्या अध्यक्ष त्याच होत्या.

मृत्यूंचा तपास काय चुकले ते सांगतो. दोन पद्धतींतली कोणती बरी, हे मात्र तो सांगू शकत नाही. गर्भाशयाच्या वरच्या जाड भागाऐवजी खालच्या पातळ भागात आडवा छेद घेण्याची पद्धत स्कॉटलंडच्या मन्रो कर यांनी १९२० च्या दशकात रूढ केली. सल्फा औषधे, पेनिसिलिन व रक्तपेढ्या आल्या आणि शस्त्रक्रिया पुष्कळ सुरक्षित झाली. मग बारीक प्रश्न पुढे आले. गर्भाशयाला टाक्यांचा एक थर घालावा की दोन? शिवताना ते पोटाबाहेर काढावे की आतच ठेवावे? जनावरांच्या आतड्यापासून केलेला स्वस्त ‘कॅटगट’ दोरा चालेल, की महाग कृत्रिम दोराच हवा? प्रत्येक शल्यचिकित्सक आपल्या गुरूची पद्धत उत्तम मानी.

याचा निकाल चिठ्ठ्या टाकून लावावा लागतो. कोणत्या बाईला कोणती पद्धत, हे डॉक्टरांनी ठरवले तर सोप्या केसेस एका बाजूला जाण्याचा धोका असतो. चिठ्ठीने ठरवले की दोन्ही गट बहुतांशी सारखे होतात. ‘कोरोनिस’ नावाच्या चाचणीत भारतासह सात देशांतील १५,९३५ स्त्रियांची अशी वाटणी झाली आणि पाच प्रश्न एकत्र तपासले गेले. एवढ्या स्त्रिया कशाला, असे विद्यार्थी विचारतील. शंभरात दोघींना त्रास झाला आणि दुसऱ्या शंभरात चौघींना, तर तो निव्वळ योगायोग असू शकतो. हजारोंमध्ये योगायोगाला तेवढा वाव राहत नाही. २०१३ मध्ये निकाल आला. मृत्यू, संसर्ग, पुन्हा शस्त्रक्रिया किंवा मोठा रक्तपुरवठा या एकत्रित मापावर पाचही जोड्यांत लक्षणीय फरक नव्हता. काहींना हा निकाल निराशाजनक वाटला. आम्हाला तो मोलाचा वाटतो. साध्या दोऱ्यावर भागवणाऱ्या जिल्हा रुग्णालयातली आई त्यामुळे जास्त धोक्यात नाही, हे त्याशिवाय खात्रीने कळले नसते.

फरक पडतो तो दुसरीकडे. प्रतिबंधक प्रतिजैविकाची मात्रा बाळाची नाळ बांधल्यावर देण्याची रीत होती, कारण औषध बाळापर्यंत पोचू नये असा विचार होता. चाचण्यांवरून दिसले, की तीच मात्रा छेद घेण्याआधी दिली तर आईला होणारे संसर्ग बरेच कमी होतात. औषध तेच राहिले, वेळ तेवढी बदलली.

दरम्यान मूळ प्रश्नच फिरला. हॅरिस यांच्या काळी सिझेरियन फार उशिरा होई. आता ते काही ठिकाणी अकारण होते, आणि काही ठिकाणी हवे असूनही मिळत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २५.४ टक्के जन्म सिझेरियनने झालेले आढळले. देशभरात खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के होते आणि सरकारी संस्थांत १४.३ टक्के. दोन ठिकाणच्या आयांची शरीरे काही एवढी वेगळी नसतात! गर्भाशयावरचा प्रत्येक व्रण पुढच्या गर्भारपणात वार चिकटून बसण्याचा धोका वाढवतो. तेव्हा टाळता येण्याजोगे सिझेरियन टाळणे ही आईची काळजीच आहे.

यावर नागपुरात एक महत्त्वाची चाचणी झाली. गरोदरपणात रक्तदाब वाढला की झटके येण्याचा धोका असतो, आणि प्रसूती हाच खरा उपाय. कळा आपोआप सुरू होण्याची वाट पाहता येत नाही. त्या सुरू करण्याचे प्रयत्न फसले तर सिझेरियन करावे लागते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालय येथे डॉ. शुचिता मुंडले व त्यांच्या देशी-परदेशी सहकाऱ्यांनी डिसेंबर २०१३ ते जून २०१५ या काळात अशा ६०२ स्त्रियांची चिठ्ठीने वाटणी केली. एका गटाला गर्भाशयाच्या मुखातून फुगा असलेली फोली नळी बसवली. दुसऱ्या गटाला दर दोन तासांनी २५ मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉलची गोळी तोंडाने दिली. २४ तासांत योनिमार्गे प्रसूती झाली ती गोळीच्या गटात ५७ टक्के स्त्रियांची आणि नळीच्या गटात ४७ टक्के. गोळीने गर्भाशय अति आकुंचन पावेल अशी भीती होती, पण तसे दोन्ही गटांत फारच क्वचित घडले. २०१७ मध्ये हा निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. चाचणी झाली होती ती गर्दीच्या सरकारी वॉर्डांत, आणि गोळी काही रुपयांची होती.